ताईंच्या स्मरणसभेत त्यांच्या आजाराबद्दल बोलावं की नाही?

धायरीची_शिक्षिका

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लिहिताना गडबड झाली तर समजून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या ताई गेल्या. वय ६८. रात्री झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. नाव लिहीत नाही, पण सिंहगड रस्त्याच्या बाजूला ज्यांच्या घरी मानसिक आजाराचं माणूस आहे त्यातल्या बऱ्याच जणांना कळेलच मी कोणाबद्दल बोलतेय. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. २००६ पासून दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी एका शाळेच्या वर्गात शुभंकरांची बैठक घ्यायच्या. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आजारी माणसाला आम्ही पेशंट म्हणत नाही, शुभार्थी म्हणतो, आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर.)

आता बैठकीतल्या आम्ही सगळ्यांनी स्मरणसभा ठरवलीय. निमंत्रणाचा मजकूर आणि ताईंबद्दल दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, घरच्यांना दाखवायला पाठवलं, तर त्यांच्या धाकट्या दिरांचा फोन आला. बाकी सगळं छान आहे म्हणाले, फक्त "ताई स्वतः बायपोलरच्या शुभार्थी होत्या" हे वाक्य काढा. (बायपोलर म्हणजे कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी आणणारा आजार.) समाजसेविका लिहा, मानसिक आरोग्यासाठी झटल्या लिहा, पण त्यांना आजार होता हे नको. दिरांच्या मुलीसाठी, म्हणजे ताईंच्या पुतणीसाठी, स्थळं बघणं चालू आहे. रागावून नाही बोलले. विनंतीच केली.

ते वाक्य काढलं तर उरलेल्या दोन पानांत ताई राहतच नाहीत, ही माझी अडचण आहे.

प्रत्येक बैठकीची सुरुवात त्या एकाच पद्धतीने करायच्या. स्वतःचं नाव सांगायचं आणि मग, "मी १९९१ पासून लिथियम घेते आणि आज सकाळी पण घेतलंय." (लिथियम म्हणजे बायपोलरवरचं औषध.) मग पुढच्या माणसाकडे बघायचं. नवीन आलेलं जोडपं, जे दारात चप्पल काढावी की परत जावं या विचारात उभं असायचं, ते त्या वाक्यावर आत येऊन बसायचं. आम्हीही तसेच बसलो होतो, २०११ साली, मी आणि आई.

माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेजला जाणं बंद झालं, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली, सोसायटीचा वॉचमन आपल्या डोक्यातलं सगळं वहीत लिहून घेतो म्हणायला लागला. आम्ही आधी एका देवऋषाकडे गेलो होतो. चार महिने त्यात गेले, त्याचं दुःख मला आजही आहे. नंतर डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, पण तो गोळ्याही घेईना आणि खोलीचं दारही उघडेना.

ताई घरी आल्या. मी त्यांना दारापाशी नेलं आणि आतल्या भावाला ओरडून सांगायला लागले, की अरे वॉचमनकडे वहीच नाहीये, मी बघून आले. ताईंनी माझ्या मनगटाला धरलं. म्हणाल्या, "तो खोटं बोलत नाहीये. त्याला ते खरंच जाणवतंय. त्याच्याशी वाद घालू नकोस, आणि त्याच्या हो-ला-हो पण करू नकोस. भीती वाटते ना, एवढंच विचार." मग स्वयंपाकघरातून मटारची पिशवी मागितली, त्याच्या दाराबाहेर फरशीवर बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दीड-दोन तास. पातेल्यात दाणे पडल्याचा आवाज तेवढा. डिसेंबर होता, फरशी गार, मी सतरंजी दिली तर म्हणाल्या राहू दे. शेवटी दार चार बोटं उघडलं आणि भावाचा हात बाहेर आला, दाण्यांसाठी. ताईंनी मूठभर दाणे हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "मी पण गोळ्या घेते. बाहेर येऊन बस, तुला माझी डबी दाखवते." त्यांच्या पर्समध्ये सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी कायम असायची. त्या दिवशी माझ्या भावाने पहिल्यांदा ती डबी हातात घेऊन बघितली आणि कुठल्या वाराला कुठली गोळी हे विचारलं. आज तो क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर आहे, सुरुवातीला दर आठवड्याला पांढऱ्या पेशींसाठी रक्त तपासायला लागायचं, तेव्हाही दर वेळी ताईंचा आदल्या रात्री फोन. एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करतो आता.

त्या नुसत्या समाजसेविका असत्या तर ते दार उघडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न असा. घरच्यांचं ऐकावं की ताईंनी आयुष्यभर जे उघडपणे सांगितलं ते लिहावं? ताईंची स्वतःची मुलगी नाशिकला असते, तिच्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही. आणि सभेत काय करावं हेही सुचवा. एक जण ताईंच्या नावाने पुरस्कार सुरू करू म्हणताहेत. शाल, श्रीफळ, मानपत्र. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाहीये.

शुभंकर_कर्वेनगर

मी पण त्याच बैठकीतला. ओळखलंच असेल तुम्ही मला, मागच्या बाकावर बसतो.

वाक्य काढू नका एवढंच आधी सांगतो. आता ताईंची एक गोष्ट. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मुलाला घेऊन गेलो होतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, मानसिक आजार त्यातला एक, हे मला ताईंनीच सांगितलं. तिथे स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा या बाजू तपासून टक्के ठरवतात, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक सवलती. पहिल्या वेळी मी ताईंना न विचारता गेलो. मुलाला इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी करून दिली, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर सगळं "करतो हो, करतो आपापलं" असं सांगत सुटलो. चारचौघांत आपल्या पोराला कमी कसं म्हणायचं! टक्के कमी आले.

दुसऱ्या वेळी ताई बरोबर आल्या. रांगेत चार तास. मला आदल्या दिवशी बसवून लिहायला लावलं होतं, की गेल्या महिन्यात किती दिवस आंघोळ नाही, किती दिवस जेवणाचं ताट ढकललं, रात्री किती वेळा उठून दार तपासलं. म्हणाल्या, "लाज घरी ठेवून या. त्याचे वाईट दिवस सांगायला कोणी नसेल तर ते दिवस मोजणार कोण?" दाखला मिळाला. माझ्या पश्चात त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावं म्हणून मी जे कागद पुढे केले, त्याच्या मुळाशी तो दाखला आहे.

जी बाई आम्हाला लाज घरी ठेवा म्हणून सांगत होती, तिच्याच आजाराची लाज आपण तिच्या सभेत बाळगायची, हे मला जमणार नाही.

निवृत्त_सिस्टर

मी सरकारी मनोरुग्णालयात नोकरी केली, तीस वर्षं. ताईंना दोन-तीनदाच भेटले आहे, त्यामुळे जास्त अधिकाराने बोलत नाही. पण दिरांना एकदम वाईट ठरवू नका, एवढ्यासाठी लिहितेय.

वॉर्डात बायका आणून सोडायचे आणि पत्ता खोटा लिहायचे, असे नातेवाईक मी पाहिलेत. बाई बरी व्हायची, आम्ही पत्र पाठवायचो, पत्र परत यायचं. पंधरा-पंधरा वर्षं माहेर-सासरची वाट बघत बसलेल्या बायकांच्या वेण्या मी घातल्यात. त्या मानाने तुमच्या ताई घरातच होत्या, नोकरी करून निवृत्त झाल्या, डोक्यावर घर होतं. म्हणजे त्या घरात कोणीतरी चांगलं वागलंय. ते कोण, हे शोधा आधी.

पुरस्काराबद्दल. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉ. सुनंदा अवचट होत्या. त्यांनी आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलंनी त्याला मदत केली, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सुनंदाताई १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या. तेव्हा लोक कॅन्सरचं नावही दबक्या आवाजात घ्यायचे, 'तो आजार' म्हणायचे, आणि त्या आजार अंगावर घेऊन काम करत राहिल्या. त्यांच्यामागे काय राहिलं? मुक्तांगण राहिलं. रोजचं चालणारं काम राहिलं. शाल-श्रीफळाने वर्षातून एक दिवस बरं वाटतं, पण सोमवारी सकाळी ओपीडीच्या रांगेत कोणाबरोबर कोण उभं राहणार, हा प्रश्न तसाच राहतो. पुरस्काराच्या पैशातून रिक्षाभाडं द्या. एकट्या आईला चिडलेल्या मुलाला घेऊन बसमधून जाता येत नाही.

कोथरूड_डेपो

माझं मत वेगळं आहे. कृपया राग मानू नका.

माझ्या बहिणीचं लग्न याच कारणाने मोडलं होतं. आमच्या मामांना आजार होता हे साखरपुड्यानंतर मुलाकडच्यांना कुठून तरी कळलं. जे गेलं ते गेलं, पण त्या सहा महिन्यांत आईने जे सोसलं ते मी पाहिलंय. ताईंनी स्वतःबद्दल सांगायचं ठरवलं, तो त्यांचा धीर. पण त्यांच्या पुतणीने काही ठरवलेलं नाही. बैठकीच्या खोलीत वीस माणसांसमोर सांगणं वेगळं आणि छापील निमंत्रण व्हॉट्सॲपवर फिरणं वेगळं. ते कुठे कुठे जाईल याला धरबंध नाही.

पुतणीला विचारा. सगळे तिच्या नावाने बोलताहेत, तिला कोणी विचारलंय का?

पर्वती_पायथा

वकिली करते, म्हणून एक मुद्दा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. त्यात प्रत्येक सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं, की पुढे आजार बळावला आणि माझा निर्णय मला घेता आला नाही तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती कोण. त्या व्यक्तीला कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. साखळीने जखडून ठेवायला त्याच कायद्याने बंदी आहे. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळदंडात अडकलेली माणसं जागच्या जागी जळाली, त्यानंतर इतकी वर्षं गेली तेव्हा हे कागदावर आलं.

मरणानंतर काय छापावं याला तो कागद लागू होत नाही, हे स्पष्ट सांगते. पण ताईंसारख्या बाईने असं काही लिहिलं असण्याची शक्यता खूप आहे. त्यांनी स्वतःच्या आजाराबद्दल कोणावर विश्वास टाकला होता, ते त्यात कळेल. त्यांच्या वह्या-कागद बघितलेत का?

आणखी एक. भार्गवी दावर पुण्यातच होत्या, मे २०२४ मध्ये गेल्या. १९९९ मध्ये त्यांनी आपल्या आईच्या, बापूंच्या, नावाने बापू ट्रस्ट उभा केला. आईने मनोरुग्णालयात जे भोगलं ते लहानपणी डोळ्यांनी बघितलेली मुलगी पुढे तिचंच नाव घेऊन वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करत राहिली. आईच्या आजारावर पांघरूण घातलं असतं तर ते नाव दारावर लागलंच नसतं. मला तरी असं वाटतं की माणसाला मान द्यायचा तर त्याचं पूर्ण आयुष्य घेऊन द्यावा. तरीही कोथरूडकरांचं म्हणणं रास्त आहे, पुतणीला विचाराच.

धायरीची_शिक्षिका

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं "ते कोण, हे शोधा आधी" डोक्यातून जात नव्हतं. आणि वकीलताईंनी वह्यांचं विचारलं, तर ताईंचं रजिस्टर माझ्याकडेच आहे.

हे रजिस्टर म्हणजे दोनशे पानी लांब वही, लाल कापडी बांधणीची. त्यात पेन्सिलने नोंदी. कोणाचंही पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षर, कोणत्या तारखेला डॉक्टर, कोणत्या तारखेला रक्त, कोणाच्या गोळ्या कधी संपणार. काम झालं की बारीक बरोबरची खूण. ऑपरेटर होत्या ना, फोन करायच्या तर तीन वाक्यांत : उद्या सकाळी अमुक आहे, उपाशीपोटी जायचं का ते विचारून घेतलंय, निघताना मिस्ड कॉल द्या. बस. बाकी दुःख ऐकायला वेगळा फोन, तो रात्री नऊनंतर.

मी आत्तापर्यंत फक्त पुढच्या नोंदी बघत होते. काल शेवटची पानं उघडली. २०१९ ची तारीख आहे, शाईने लिहिलेलं, खाली सही. जसंच्या तसं देते, त्यांना चाललं असतं :

"मला पुन्हा चढता झटका आला तर मला बांधू नये. खोलीत कोंडू नये. लिथियम चालू ठेवावं, डोस डॉक्टर ठरवतील. पैसे आणि एटीएम कार्ड माझ्याकडून काढून घ्यावं, मी भांडेन तरी. माझ्या वतीने निर्णय माझ्या धाकट्या दिरांनी घ्यावा. १९८८ मध्ये त्यांनीच घेतला होता आणि तो बरोबर होता."

मी ते चार-पाच वेळा वाचलं. १९८८ चं ताईंनी बैठकीत सांगितलं होतं, पण त्यात दीर कधी आले नव्हते. तेव्हा त्या ३१ वर्षांच्या, मुलगी दोन वर्षांची. आठ-दहा रात्री झोप नाही, बोलणं थांबत नाही. लक्ष्मी रोडवर जाऊन एका दुपारी चौदा साड्या घेतल्या आणि स्वारगेटच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या बायकांना एकेक वाटून टाकल्या. घरात सगळे अंगात आलंय म्हणत होते. "तेव्हा कोणीतरी रात्री मला दवाखान्यात नेलं म्हणून मी वाचले," एवढंच त्या म्हणायच्या. कोणीतरी!

मी नाशिकला फोन केला. ताईंची मुलगी म्हणाली, काकांना भेटायला जाऊ, मी शुक्रवारी येते. काय झालं ते लिहीन.

शुभंकर_कर्वेनगर

मॅडम, जाताना त्यांना एक विचारा. मे महिन्यात ताई सगळ्यांच्या मागे लागायच्या, लिथियमवाल्यांच्या तर फारच. पाणी प्या, मीठ एकदम बंद करू नका, जुलाब-उलट्या झाल्या तर आधी डॉक्टरांना फोन, अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून घेऊ नका. दर वर्षी तेच. एवढं का, हे विचारायचं राहून गेलं माझं.

धायरीची_शिक्षिका

उशिरा लिहितेय. मधे शाळेच्या परीक्षा होत्या आणि सभाही झाली.

आधी त्या शुक्रवारचं. आम्ही दोघी गेलो. काका ७१ वर्षांचे आहेत. पुतणी घरात होती, तीच चहा घेऊन आली. मी वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग उठून आत गेले. आम्हाला वाटलं रागावले.

बाहेर आले ते एक फाईल घेऊन. जुन्या पद्धतीची, पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली. त्यात १९९१ पासूनचा ताईंचा प्रत्येक रक्ताचा रिपोर्ट होता. वर्षाप्रमाणे लावलेला, प्रत्येकावर लाल शाईने लिथियमचा आकडा वर्तुळ करून लिहिलेला. ०.७. ०.८. ०.६. सहा महिन्यांनी थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), त्याचेही आकडे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून ते पहाटे स्कूटर काढून ताईंना न्यायचे, हे मुलीलाही आठवत होतं, फक्त तिला वाटायचं काका फिरायला जाताना आईला सोडतात.

मधेच एका कागदावर १.६ होतं. मे २०१३. बाजूला त्यांच्याच अक्षरात "जुलाब ३ दिवस, तोल जातोय, ॲडमिट." म्हणजे, कर्वेनगर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाले की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि दीडच्या पुढे गेलं की ते विषासारखं व्हायला लागतं. ताई त्या मे महिन्यात अतिदक्षता विभागात होत्या. आम्हाला त्यांनी गावी गेले होते म्हणून सांगितलं होतं. पुढच्या मे पासून सगळ्यांच्या मागे लागायला लागल्या.

मग काका बोलले. वैकुंठ स्मशानभूमीत, ताईंना ठेवलेलं असताना, मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला विचारलं, "काही करून घेतलं का हो?" त्यांनी ते ऐकलं. म्हणाले, "सदतीस वर्षं मी तिला जपलं. ती नीट जगली. नोकरी केली, मुलीचं लग्न केलं, तुमच्यासारख्या शंभर घरांत गेली. आणि आजाराचं नाव छापलं की लोक एवढंच विचारणार." मुलीच्या स्थळाचं कारण त्यांनी मला फोनवर दिलं होतं, कारण हे सांगता आलं नव्हतं.

माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. ताईंच्या मुलीने त्यांचा हात धरला. पुतणी मात्र म्हणाली, "बाबा, मला फक्त एवढं हवंय की माझ्याबद्दल मला विचारा. काकूची पुतणी हे मी आधीच सांगते, पहिल्या भेटीत. दोन जण त्यावरून परत आले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही." काकांना हे माहीत नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. छापील निमंत्रणात ताईंचं नाव, वेळ आणि जागा, बाकी काही नाही. हे कोथरूडकरांच्या म्हणण्याप्रमाणे झालं आणि मला ते आता बरोबर वाटतं. सभेत मात्र सगळं बोलायचं. काका म्हणाले मी येईन, पण बोलणार नाही.

सभेला वर्ग पुरला नाही, व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. पुरस्कार रद्द झाला आहे, ज्यांनी सुचवला त्यांनीच पैसे रिक्षाभाड्याच्या डब्यात टाकले. चहा मी आणि भाऊ देत होतो. ताईंच्या हाताला लिथियमने कंप असायचा, त्यामुळे त्या कोणालाही अर्धाच कप ओतायच्या, आणि मागाहून पुन्हा अर्धा. नवीन लोकांना वाटायचं चहा कमी आहे. भावाने त्या दिवशी सगळ्यांना अर्धाच कप दिला. मी त्याला सांगितलं नव्हतं. एका आजोबांनी, त्यांची मुलगी चौदा वर्षं बैठकीला येतेय, कप रिकामा करून पुन्हा पुढे धरला आणि रडायला लागले.

ताईंची मुलगी उभी राहिली आणि आईचं वाक्य म्हणाली. आईचं नाव, मग, "ती १९९१ पासून लिथियम घेत होती आणि शेवटच्या रात्री पण घेतलं होतं." सांगताना तिने ती सात कप्प्यांची डबी वर धरली. गुरुवारपर्यंतचे कप्पे रिकामे, शुक्रवारपासूनचे भरलेले. ताई गुरुवारी रात्री गेल्या. ज्यांच्या मनात वैकुंठातला तो प्रश्न असेल त्यांना यातून काय कळलं मला माहीत नाही. काका दुसऱ्या रांगेत बसले होते. ती डबी दर रविवारी तेच भरून द्यायचे, हे ती नंतर बोलली, आणि तेव्हा सगळे मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. ते खाली बघत राहिले.

आता पुढचं. रजिस्टरमध्ये या महिन्याच्या अकरा नोंदी आहेत. सहा मी घेतल्या, तीन कर्वेनगरनी, एक पुतणीने. 'र', क्लोझापिन, सोमवारी सकाळी रक्त, आई एकटी असते, वडगावहून निघायचं, ही एक राहिलीय. मला सोमवारी शाळा आहे. सिस्टर, तुम्हाला जमेल का? आणि बैठक याच चौथ्या शनिवारी, साडेपाच, तोच वर्ग. रात्री-अपरात्री कोणाला धीर सुटल्यासारखं झालं आणि आमच्यापैकी कोणी फोन उचलला नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो नंबर ताईंनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात लिहून ठेवलाय.

निवृत्त_सिस्टर

'र' मी घेते. त्यांच्या आईचा फोन नंबर मला खासगी निरोपात पाठवा. रविवारी रात्रीच त्यांच्याशी बोलून ठेवते.